माहितीशास्त्राची पदवी आणि महाविद्यालयाची निवड

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात पालकांपुढे केलेले भाषण)



या विषयावर बोलण्याची आज्ञा चिटणिसांनी केली तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आमचे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचे. त्यावर अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा करून बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळांत आम्ही उभी हयात घालविली. शाळेत पहिला संगणक आला तेव्हा आमचे केस पिकू लागले होते आणि तो यंत्रराज बरेच दिवस मुख्याध्यापकांच्या खोलीत कापड पांघरून बसला होता. अशा माणसाने माहितीशास्त्राच्या पदवीविषयी काय सांगावे? तथापि सेवानिवृत्तीनंतरच्या या वर्षांत दर उन्हाळ्यात आपल्या समाजातील चार-सहा पालक आमच्या ओसरीवर येतात, आणि त्यांच्या मुलामुलींबरोबर महाविद्यालयांच्या पायऱ्या चढण्याचा योग आम्हांस येतो. त्या फेऱ्यांत जे पाहिले व विचारून घेतले, तेवढेच आपल्यापुढे ठेवीत आहो. शास्त्र शिकविण्याचा आव त्यात नाही.

आपला पिढीजात धंदा शिवणकामाचा. तयार कपड्यांच्या दुकानांनी त्याची काय गत केली हे या सभागृहात कोणास सांगावयास नको. म्हणूनच आज ज्याच्या त्याच्या तोंडी 'मुलाला आय.टी.ला घालावयाचे' हेच वाक्य आहे. इच्छा चांगलीच आहे. परंतु गिऱ्हाइकाचे माप घेतल्यावाचून कापडास कात्री लावू नये हे आपल्या घरात दहा वर्षांच्या पोरासही ठाऊक असते, आणि त्याच पोराच्या चार वर्षांच्या शिक्षणाचे कापड मात्र आपण कोणतेच माप न घेता कापून मोकळे होतो. कोणाच्या तरी मेहुण्याचा मुलगा अमुक ठिकाणी आहे, किंवा बसस्थानकासमोर मोठा फलक पाहिला, एवढ्यावर निर्णय होतो.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. बेळगाव-निपाणीकडे आपले जे पाहुणे आहेत त्यांची मुले 'इन्फर्मेशन सायन्स अँड इंजिनिअरिंग' ही पदवी घेतात. बेळगाव येथे १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या महाविद्यालयांत शाखेचे हे नाव रूढ आहे. आपल्याकडे साधारण तोच विषय 'इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी' या नावाने शिकविला जातो. आणि 'ग्रंथालय व माहितीशास्त्र' म्हणून जी पदवी पुणे विद्यापीठात मिळते ती सर्वस्वी निराळी, ती ग्रंथपालाची. ती कमी प्रतीची आहे असे मुळीच नाही, पण जो मुलगा संगणकाच्या ओढीने निघाला आहे त्याने तिचा अर्ज भरून बसणे बरे नव्हे. इंदापूरचे एक सद्गृहस्थ तो अर्ज हाती घेऊनच आमच्याकडे आले होते, म्हणून हे सांगावे लागले.

दुसरा घोटाळा शाखांचा. कॉम्प्युटर, आय.टी., आणि अलीकडे निघालेली कृत्रिम बुद्धिमत्ता व डेटा सायन्स, अशी तीन-चार नावे पालकांपुढे असतात. त्यांतले कोणते 'चालते' याचीच चर्चा घरोघर होते. आम्ही एका विद्यार्थ्याकडून पुणे विद्यापीठाची कॉम्प्युटर आणि आय.टी. या दोन शाखांची विषयपत्रके मागवून शेजारी-शेजारी ठेवून पाहिली. पहिले वर्ष तर सर्व अभियांत्रिकी शाखांचे जवळपास एकच. पुढेही माहिती यंत्रात कशी मांडावी, तिचे कोठार कसे रचावे, एक यंत्र दुसऱ्याशी कसे बोलते, यंत्राचा अंतर्गत कारभार कोण चालवितो, आणि या सर्वांच्या मुळाशी असलेले गणित, हे विषय दोहोंकडे आहेत. फरक आहे तो शेवटल्या दोन वर्षांतील काही विषयांचा. तेव्हा चांगल्या महाविद्यालयात आय.टी. मिळत असता केवळ 'कॉम्प्युटर' या शब्दासाठी सुमार महाविद्यालयात जाणे म्हणजे कापड न पाहता किनारीवर भाळणे होय. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४ पासून चांगल्या समजल्या जाणाऱ्या संस्थांवरील प्रवेशसंख्येची कमाल मर्यादा उठविली. त्यामुळे कित्येक ठिकाणी या शाखांच्या तुकड्या वाढल्या आहेत. जागा वाढल्या ही आनंदाची गोष्ट खरी, परंतु तुकड्यांबरोबर शिक्षक व प्रयोगशाळा वाढल्या काय, हे ज्याने त्याने पाहावयाचे आहे.

या विद्येचा आपल्या भागाशी संबंध काय, असे कोणी विचारील. माळेगाव येथील कृषि विकास संस्थेच्या प्रक्षेत्रावर मायक्रोसॉफ्ट कंपनी व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने उसाचा जो प्रयोग चालला, तो अवश्य पाहून यावा. जमिनीत पुरलेली उपकरणे, उपग्रहाने टिपलेली चित्रे आणि हवामानाची नोंद यांचा मेळ घालून संगणक शेतकऱ्यास पाणी किती व केव्हा द्यावे, खत किती घालावे हे सांगतो. ज्या उसाच्या सरीत आपले पोर खेळले त्याच सरीत ही विद्या येऊन पोचली आहे. हिंजवडीच्या काचेच्या इमारतींतच ती नांदते असे नाही.

आता मार्ग किती ते थोडक्यात सांगतो. बारावी शास्त्र शाखेनंतर राज्याची सामाईक प्रवेशपरीक्षा देऊन चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी घेणे हा पहिला. दहावीनंतर तंत्रनिकेतनात पदविका घेऊन पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाणे हा दुसरा. ज्याचे हात चालतात पण बारावीच्या शर्यतीची ज्याला धास्ती वाटते त्याच्यासाठी तो उत्तम, आणि इंदापुरात विद्या प्रतिष्ठानचे तंत्रनिकेतन त्यासाठी आहेही. तिसरा मार्ग बी.एस्सी. संगणकशास्त्र किंवा बी.सी.ए. यांचा. त्याला खर्च कमी लागतो, आणि पुढे एम.एस्सी. वा एम.सी.ए. केल्यास तो कोणत्याही दृष्टीने कमी ठरत नाही.

आणि या मार्गांसाठी घराजवळ काय आहे? बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून उभे आहे. आज ते स्वायत्त असून तेथे संगणकशास्त्राची पदवी घेता येते. विद्या प्रतिष्ठानची स्थापना १९७२ची, आणि तिचे अभियांत्रिकी महाविद्यालय २००० साली निघाले. आज ते कमलनयन बजाज यांच्या नावाने ओळखले जाते, आणि तेथे कॉम्प्युटर व आय.टी. या दोन्ही शाखा आहेत. माळेगाव आणि सोमेश्वरनगर येथेही अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. इंदापूर तालुक्यात वणगळी येथे शहाजीराव पाटील प्रतिष्ठानचे महाविद्यालय आहे, आणि भिगवणजवळ, दौंड तालुक्याच्या हद्दीत स्वामी चिंचोली येथे आणखी एक. आमच्या वेळी तंत्रशिक्षणासाठी पुण्याची वाट धरण्यावाचून गत्यंतर नव्हते. आज एस.टी.ने जाऊन-येऊन शिकता येईल एवढ्या अंतरात हे सर्व आहे.

पुण्यात थोर संस्था आहेत हे कोण नाकारील? १८५४ साली सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय २०२२ मध्ये स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले. धनकवडीचे पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजी १९८३ पासून मुख्यत्वे याच विषयाला वाहिलेले आहे. यांपैकी एखाद्या ठिकाणी गुणवत्तेवर जागा मिळाली तर अंगावरचा दागिना मोडावा पण मुलास पाठवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु पुणे म्हणजे केवळ याच दोन संस्था नव्हेत. पुण्याच्या चारी दिशांना अशी पुष्कळ महाविद्यालये आहेत की ज्यांच्यात आणि बारामतीच्या महाविद्यालयांत पत्त्याखेरीज फारसा फरक नाही; आणि त्या पत्त्यासाठी खोलीचे भाडे, खानावळ व चार वर्षांचा एकटेपणा असे दाम मोजावे लागते. परम हा महासंगणक १९९१ साली पुण्यात ज्यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झाला ते विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्याचे. त्यांनी अभियांत्रिकीची पहिली पदवी नागपुरास, म्हणजे आपल्या विदर्भातच घेतली, आणि मग पायरीपायरीने बडोदा व दिल्ली गाठली. पहिल्या पदवीस जवळचे चांगले महाविद्यालय आणि दुसरीस दूरचे मोठे, हा क्रम आपल्यासारख्या मध्यम स्थितीच्या कुटुंबांस मानवणारा आहे.

परंतु 'चांगले' ओळखावे कसे? येथे आम्ही थोडे रेंगाळणार आहो, कारण सारी मेख येथेच आहे.

महाविद्यालय पाहावयास प्रवेशाच्या गर्दीत जाऊ नये. त्या दिवसांत सर्वत्र रांगोळी असते. ऑगस्टमध्ये किंवा जानेवारीत, साध्या मंगळवारी वा बुधवारी, दुपारी दोनच्या सुमारास जावे. म्हणजे मुलगा अकरावीत असतानाच जावे. संगणकाच्या प्रयोगशाळेपाशी उभे राहून मुले यंत्रावर काम करीत आहेत की वहीत प्रयोग उतरून काढीत आहेत, एवढे पाहिले तरी निम्मे कळते. मग तिसऱ्या वर्षाचा एखादा विद्यार्थी गाठून, त्याला चहा पाजून, चार प्रश्न विचारावेत. या वर्षी शिकविणारे शिक्षक गेल्या वर्षी होते काय? यंत्र बिघडले तर किती दिवसांनी दुरुस्त होते? सुटीच्या दिवशी प्रयोगशाळा उघडी मिळते काय? शेवटल्या वर्षाचा प्रकल्प मुले स्वतः करतात की बाजारातून विकत आणतात? या शेवटल्या प्रश्नावर पोरगा हसला, तर त्याचा अर्थ आपण समजून घ्यावा. आम्ही एका ठिकाणी (नाव सांगत नाही) हाच प्रश्न विचारला असता त्या मुलाने आम्हांस दुकानाचा पत्ताच देऊ केला!

मानांकनाचे कागद दाखविले जातात. 'नॅक'चे मानांकन साऱ्या संस्थेचे असते, 'एन.बी.ए.'ची मान्यता मात्र शाखेशाखेस वेगळी मिळते, आणि तिला मुदत असते. तेव्हा कार्यालयात 'एन.बी.ए. आहे' असे सांगण्यात आले, तर 'कोणत्या शाखेला, आणि कोणत्या वर्षापर्यंत?' असे नम्रपणे विचारावे. यंत्रशाखेच्या मान्यतेच्या जोरावर आय.टी.च्या जागा भरल्या जाऊ नयेत.

नोकऱ्यांच्या जाहिरातीविषयीही असेच. फलकावर एका विद्यार्थ्याचा फोटो व त्याचे भरघोस वेतन छापलेले असते. त्या एका दाण्यावरून सबंध कणसाची परीक्षा करू नये. वर्गात मुले किती होती, त्यांपैकी किती जणांस नोकरी लागली, मधल्या मुलाला वेतन काय मिळाले, आणि काम प्रोग्राम लिहिण्याचे होते की दूरध्वनीवर गिऱ्हाइकांस उत्तरे देण्याचे, हे विचारावे. शिवाय हा बाजार भरती-ओहोटीचा आहे. २०२१-२२ मध्ये कंपन्यांनी मुलांस अक्षरशः हाका मारून नेले, आणि २०२३-२४ मध्ये त्याच कंपन्यांनी महाविद्यालयांतील भरती आखडती घेतली. आता तर साधे प्रोग्राम यंत्रच लिहू लागले आहे. आज प्रवेश घेणारा मुलगा चार वर्षांनी बाहेर पडेल तेव्हा पाणी कोठवर असेल हे कोणी सांगू शकणार नाही. म्हणून ज्या ठिकाणी गणित व मूळ विषय कसून शिकविले जातात तेथे मुलाला ठेवावे. कोणते तरी एक तयार सॉफ्टवेअर घोटून घेतात तेथे नव्हे.

आता पैशाची बाजू. येथे आपल्या समाजाचे जे नुकसान होत आहे ते आम्हांस पाहवत नाही, म्हणून थोडे परखड बोलतो. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांत वीस टक्के जागा संस्थेच्या पातळीवर भरल्या जातात. त्यांनाच लोक 'मॅनेजमेंट कोटा' म्हणतात. उरलेल्या जागा राज्याच्या केंद्रीय प्रवेशफेऱ्यांतून भरतात. शासनाच्या शुल्क-सवलती या केंद्रीय फेरीतून प्रवेश घेणाऱ्यासच मिळतात. आपली जात इतर मागासवर्गात मोडते. केंद्रीय फेरीतून गेलेल्या आपल्या मुलास, कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यास, शिक्षण शुल्काच्या निम्म्याइतकी सवलत आहे. संस्थेच्या कोट्यातून गेलेल्यास एक पैसाही नाही. बारामतीच्या आपल्या एका बांधवाने दुकान गहाण टाकून मुलासाठी पुण्यानजीक अशी जागा घेतली. त्याच मुलाचे गुण पाहता त्याला बारामतीत आय.टी.ची जागा निम्म्या शुल्कात मिळण्यासारखी होती. दोन्हीकडे पदवी एकाच विद्यापीठाची. आज मुलगा तिसऱ्या वर्षात आहे, आणि बाप रात्री अकरापर्यंत यंत्रावर बसून शाळांचे गणवेश शिवतो. त्यांच्या त्यागापुढे आम्ही मान लवविली. परंतु त्यांना वेळेवर दोन वाक्ये सांगणारा कोणी भेटला नाही, ही रुखरुख आमच्या मनातून जात नाही.

आणखी एक: ठरलेल्या शुल्कावर, पावतीवाचून, देणगी म्हणून पैसे घेणे १९८७ च्या कायद्याने निषिद्ध आहे. शुल्क किती हे शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते आणि ते पाहता येते. दलालाच्या तोंडून ते ऐकू नये.

केंद्रीय फेरीत पसंतिक्रम भरताना घाई होते. पहिल्या क्रमांकास लिहिलेले महाविद्यालय पहिल्याच फेरीत मिळाले तर ते स्वीकारावे लागते, पुढच्या फेरीची वाट मोकळी राहत नाही. तेव्हा 'बघू मिळते का' म्हणून भलतेच नाव वर घालू नये. आणि खरोखर हवे असलेले महाविद्यालय 'आपल्याला कुठले मिळायला' म्हणून खाली ढकलू नये; वर लिहिण्यास दंड पडत नाही.

भगिनींनो, आता आपल्याशी बोलतो. ८ जुलै १९४४ किंवा ५४ नव्हे, तर अगदी अलीकडे, ८ जुलै २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने असा निर्णय काढला की केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेणाऱ्या इतर मागासवर्गीय आणि आर्थिक व सामाजिक दृष्ट्या मागास प्रवर्गांतील मुलींस, कौटुंबिक वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास, शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क संपूर्ण माफ. म्हणजे ज्या अभियांत्रिकी शिक्षणासाठी मुलाकरिता कर्ज काढावे लागते, ते मुलीस शुल्काविना उपलब्ध आहे. असे असूनही आम्ही काय पाहतो? घरात भाऊ-बहीण असतील आणि बहिणीचे गुण अधिक असतील, तरी भावास पुण्याची विकतची जागा आणि बहिणीस 'जवळचे काहीतरी'. इंदापूर तालुक्यातील एका कन्येस गणितात उत्तम गुण होते. प्रवेशपरीक्षाही तिने चांगली दिली. वडील म्हणाले, "गुरुजी, बारामतीला रोज जायचे म्हणजे पन्नास किलोमीटर. लोक काय म्हणतील?" आम्ही त्यांना एवढेच विचारले, "लग्न ठरले तर तिला पन्नास किलोमीटरवर देणार नाही काय?" मुलीच्या आईने तेथेच डोळ्यांना पदर लावला. दुसऱ्या दिवशी त्या माउलीने स्वतः मुलीबरोबर बसमध्ये बसून बारामतीचे महाविद्यालय, वसतिगृह आणि परतीच्या गाड्यांची वेळ पाहून घेतली. मुलगी आता शिकत आहे. अशा किती आया घरात बसून आहेत, याचा हिशेब आपल्या मंडळाने कधी केला आहे काय?

भाषेच्या भीतीविषयी दोन शब्द. मराठी शाळेतली मुले पहिल्या वर्षी इंग्रजीपुढे बावरतात, आणि काही तर एवढ्याचसाठी मागे फिरतात. २०२१ साली निगडीच्या पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीचा मराठी माध्यमाचा वर्ग निघाला, ही मोठी गोष्ट झाली. ज्यास त्याचा लाभ घेणे शक्य आहे त्याने त्याची चौकशी अवश्य करावी. इतरांस आमचा अनुभवाचा सल्ला असा की बारावीनंतरच्या दोन महिन्यांच्या सुटीत मुलाने रोज एक तास इंग्रजी पाठ्यपुस्तक मोठ्याने वाचावे आणि वाचलेले आईस मराठीत समजावून सांगावे. आईस समजले, तर त्यास समजले. महागडे वर्ग लावण्यापेक्षा याने अधिक साधते, हे आमच्या अनेक विद्यार्थ्यांवरून आम्ही सांगू शकतो.

शेवटी मंडळाकडे एक मागणे. दरवर्षी आपण गुणवंतांचा सत्कार करतो, शाल-श्रीफळ देतो, आणि काचेचे स्मृतिचिन्ह देतो. ती स्मृतिचिन्हे घरोघर दूरदर्शनसंचावर धूळ खात आहेत. तो खर्च एक वर्ष थांबवावा, आणि त्या पैशांतून मे-जूनमध्ये बारामती व इंदापूर अशा दोन ठिकाणी रविवारी एकेक मेज मांडावे. आपल्या ज्या मुलामुलींनी ही पदवी घेतली आहे त्यांनी तेथे बसून अर्ज भरून द्यावेत. आम्ही कागद तपासावयास बसू. कारण प्रवेश हुकतो तो बहुधा गुणांनी नव्हे, कागदांनी. जातीचा दाखला असतो पण जातवैधता प्रमाणपत्र नसते. ते अकरावीतच मागावयास हवे. नॉन-क्रीमिलेअरचा दाखला असतो, पण त्याची मुदत मार्चअखेर संपलेली असते.

हे मेज मंडळाने मान्य केले तर येत्या मे महिन्यापासूनच सुरू करता येईल. ज्यांची मुले या वर्षी बारावीत आहेत त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, उत्पन्न, जात, जातवैधता व नॉन-क्रीमिलेअर ही प्रमाणपत्रे आणि मुलाच्या व आईच्या नावाचे बँकपुस्तक यांच्या नकला एका पिशवीत घालून ठेवाव्यात, आणि यांपैकी जे नसेल त्याची चिठ्ठी आज निघण्यापूर्वी चिटणिसांकडे द्यावी. प्रांत कार्यालय बारामतीसच आहे; आम्ही सोमवारी तिकडे जाणारच आहो.